हव ना आणि नो

बडनेऱ्याच्या फलाटावर गाडी यायला अजून वीस मिनिटं होती आणि बाबा माझ्या सुटकेसला गाठ मारत बसले होते. चेनच्या दोन्ही कड्यांमधून त्यांनी पांढरं सूत ओवलं, तीन पीळ दिले, वरून एक उलटा फास घेतला आणि टोकं दातांनी तोडली. कुलूप होतंच. पण बाबांच्या मते कुलूप चोराला अडवण्यासाठी असतं आणि गाठ असते ती चोरी झाली हे आपल्याला कळावं म्हणून. ते नांदगाव पेठेला एका सूतगिरणीच्या स्टोअरमध्ये आहेत. आलेला माल, गेलेला माल आणि मधल्यामध्ये गायब झालेला माल यांच्यावर नजर ठेवण्यात त्यांचा जन्म गेला. आमच्या घरी तेलाच्या डब्यावरसुद्धा पेन्सिलची खूण असते.

“कोनाची पिशवी सोबत घेऊ नको,” बाबा म्हणाले. “अन कोनी हसून बोललं तं आधी इचार कर, हा हसून काहून राहिला.”

“हव ना, बाबा.”

“हसू नको. मी गंमत नाई करून राहिलो.”

“हव ना.”

‘हव ना’ म्हणजे आमच्या वऱ्हाडात ‘हो ना’. आईनं ‘जेवली का’ विचारलं की हव ना, मैत्रिणीनं ‘येतेस का’ विचारलं की हव ना. दिवसातून शंभर वेळा तोंडातून निघतं आणि निघालेलं कळतही नाही. याच दोन शब्दांनी पुढे माझं अख्खं वर्ष पाण्यात घालायची वेळ आणली, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मी अमरावतीच्या कॉलेजात वस्त्रविद्येच्या तिसऱ्या वर्षाला होते. दहा महिने चेक देशातल्या एका विद्यापीठात शिकायचं आणि आपल्याकडच्या आखूड धाग्याच्या कापसापासून बारीक सूत निघतं का ते तिथल्या यंत्रांवर बघायचं, असं ठरलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. बाबा म्हणतात, पत्ता छापून देऊ नये.

प्रागहून दोन तास बस डोंगराकडे चालत होती. खिडकीतून पाहिलं तर हिरवा रंग संपतच नव्हता. आपल्याकडे हिरवा म्हणजे चार महिन्यांचा पाहुणा, इथे तो घरजावयासारखा मुक्काम ठोकून बसलेला. मग गाव आलं आणि जुन्या गिरण्यांची धुराडी दिसली. एकातूनही धूर येत नव्हता. एका गिरणीत आता फर्निचरचं दुकान होतं. बाबांना हे फोनवर सांगायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवलं.

बसथांब्यावर एक दाढीवाला मुलगा माझ्या नावाचा कागद धरून उभा होता.

“शीतल ना? मी अर्शद, अकोल्याचा. इथं दुसरं वर्ष हाय माहं. अब्बाचं गादी भांडार हाय ना तिकडं. दे ते बॅग इकडं.”

“कायले?” मी विचारलं.

“कायले म्हनजे? उचलाले! चढ लय हाय.”

परदेशात पाय ठेवल्या ठेवल्या कानावर वऱ्हाडी पडली याचा आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोक्यात आलं ते एवढंच, की याला माझी बॅग उचलण्यात काय मिळणार? त्यातून हा अकोल्याचा. अमरावतीची माणसं आणि अकोल्याची माणसं एकमेकांना जरा ओळखूनच असतात. कापूस कुणाचा चांगला इथपासून कचोरी कुणाची चांगली इथपर्यंत आमचं कधी जमलेलं नाही. मी लहान पिशवी त्याला दिली आणि मोठी बॅग स्वतः ओढत नेली. चढ खरंच फार होता.

वसतिगृहाची दुरुस्ती चालू असल्यामुळे विद्यापीठानं माझी सोय एका घरात केली होती. दारात पनी व्लास्ता उभ्या होत्या. (पनी म्हणजे बाई, आपल्या ‘ताई-बाई’सारखं नावाआधी लावतात.) वय सत्तरीचं, केस कापसासारखे, आणि डोळे एवढे निळे की त्यांच्याकडे फार वेळ बघवेना. त्यांनी आधी माझ्या बुटांकडे बोट दाखवलं, मग ‘बाचकोरी’ (घरात घालायच्या सपाता) पुढे केल्या. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. ‘हॅलो’, ‘गुड’, ‘थँक यू’ एवढं मोठ्या अभिमानानं म्हणायच्या. मला चेक त्याहून कमी. मोबाइलवर शिकले होते तेवढंच: ‘डोब्री डेन’ म्हणजे नमस्कार, ‘आनो’ म्हणजे हो, ‘ने’ म्हणजे नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी पोलेव्का (सूप) दिलं. त्यात काळपट, बुळबुळीत काहीतरी तरंगत होतं. विचारलं तर त्यांनी खिडकीतून जंगलाकडे हात केला. जंगलातून स्वतः खुडून आणलेले मश्रूम! दुकानातले नव्हे, पाकिटातले नव्हे, तपासलेले तर नव्हेच. त्यांनी दोन चमचे खाल्ले ते मी बघितले, पाच मिनिटं वाट पाहिली, त्यांना काही होत नाही अशी खात्री करून घेतली आणि मग चमचा उचलला. चव उत्तम होती. तरी झोपताना आईला फोन करून सांगून ठेवलं, मला काही झालं तर मश्रूममुळे झालं असेल.

आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की माझ्या खोलीत कुणीतरी येतं. कॉलेजातून परतावं तर बंद करून गेलेली खिडकी सताड उघडी. आईनं दिलेली लोणच्याची बरणी टेबलावरून नाहीशी. मग मी बाबांचा उपाय केला. कपाटाच्या दोन मुठींना सूत बांधलं, तीन पीळ आणि उलटा फास. संध्याकाळी येऊन बघते तर सूत जागेवर होतं, पण गाठ माझी नव्हती. तिच्या जागी एक लहान, चपटी, बोटाला लागतही नाही अशी गाठ होती. वस्त्रविद्येची विद्यार्थिनी आहे मी. माग चालू असताना धागा तुटला की विणकर जी गाठ मारतात, ती ही. म्हणजे कपाट उघडणाऱ्यानं नुसतं उघडलं नव्हतं, गाठ परत बांधली होती आणि तीही माझ्यापेक्षा चांगली. अशा सराईत माणसापुढे आपलं काय चालणार?

धीर करून मी स्वयंपाकघरात गेले. माझ्या खोलीकडे बोट, त्यांच्याकडे बोट, मग हातानं दार उघडल्याची खूण. “यू? माय रूम?”

“नो, नो, नो,” पनी व्लास्ता हसत म्हणाल्या. मान मात्र वरखाली हलवत होत्या.

खोटं बोलणाऱ्याची जीभ एकीकडे जाते आणि अंग दुसरीकडे, असं बाबा म्हणतात. मी ते डोळ्यांनी बघत होते. त्या दिवसापासून पासपोर्ट उशीच्या अभ्र्यात गेला.

दिवस असे चालले होते. यंत्रशाळेत माझं काम मनासारखं होत होतं. वऱ्हाडचा कापूस पहिल्यांदा तुटला, दुसऱ्यांदा तुटला, तिसऱ्यांदा धागा झाला तेव्हा मी आनंदानं ओरडले आणि तिथल्या शांत माणसांनी माना वळवून पाहिलं. घरी मात्र मी आणि पनी व्लास्ता दोन मांजरांसारख्या एकमेकींच्या कडेनं फिरत होतो. त्या माझ्याकडे बघत राहतात, हे मला जाणवत होतं. विशेषतः संध्याकाळी, मी स्वयंपाकघराशेजारच्या बाकावर बसून आईशी बोलायचे तेव्हा. जेवली का? हव ना. स्वेटर घातला का? हव ना. अभ्यास होऊन राहिला ना? हव ना. भांडी घासता घासता त्यांचे हात थांबायचे. कधीकधी त्या नळ जोरात सोडायच्या. मला वाटलं, बाई कान देऊन ऐकतेय.

जानेवारीत बर्फ गुडघाभर साचलं आणि खरी अडचण आली. माझ्या राहण्याची परवानगी पहिल्या सत्रापुरतीच होती. ती वाढवायला घरमालकिणीची सही असलेला कागद लागत होता. सहीही अशी-तशी चालत नाही. पोस्टात जाऊन तिथल्या माणसापुढे करायची, मग तो शिक्का मारतो. हातात दहा दिवस होते. कागद मिळाला नाही तर अर्ध्यातून परत जायचं, प्रयोग टाकून द्यायचा आणि अमरावतीला तिसरं वर्ष पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी मी कागद त्यांच्यापुढे ठेवला, सहीची खूण केली, “प्लीज” म्हटलं. त्यांनी चष्मा लावला, कागद सावकाश वाचला.

“नो,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “नो, नो.” आणि कागदाची घडी घालून त्यांनी तो टेबलाच्या खणात टाकला. खण बंद.

सही नाही ते नाही, कागदही गेला! तेवढ्यात त्यांनी मला काहीतरी विचारलं. “टाडी” म्हणजे इथं, एवढं मला कळलं. त्यांनी जमिनीकडे बोट केलं, माझ्याकडे केलं, आणि भुवया उंचावल्या. तुला इथं राहायचंय का, असं त्या विचारत होत्या. नकार देऊन वर हे विचारतात? माझे डोळे भरून आले आणि शिकलेलं सगळं चेक डोक्यातून उडालं. तोंडातून आपलंच निघालं.

“हव ना!” मी जवळजवळ ओरडले. “हव ना, हव ना!”

पनी व्लास्तांचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्यासाठी आणून ठेवलेली केकची बशी त्यांनी उचलली आणि खोलीत निघून गेल्या. दार लागल्याचा आवाज आला.

पुढचे तीन दिवस त्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही. सूप टेबलावर ठेवलेलं असायचं, ठेवणारी नसायची. फोनवर बाबा म्हणाले, “मी सांगत होतो ना, हसून बोलनारा मानूस… अन कागद तिच्याजवळ कायले देला तू? झेरॉक्स काढली होती का?” मी काढली नव्हती. बाबांची मुलगी असून काढली नव्हती, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

चौथ्या दिवशी मी बॅग भरली आणि नाइलाजानं अर्शदला फोन केला. दुसरी खोली बघून दे म्हटलं, निदान कागद परत मिळवून दे. अर्ध्या तासात तो बर्फ तुडवत आला. टोपी काढून पनी व्लास्तांशी चेकमध्ये बोलायला लागला. आधी हळू, मग त्या जोरात, मग त्या आणखी जोरात. बोलता बोलता त्यांनी माझ्या फोनकडे बोट दाखवलं आणि डोळे पुसले. अर्शद माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा मोठा विचित्र दिसत होता.

“तू या बाईले काय म्हनली?”

“काई नाई म्हनली! ते बाई म्हनून राहिली की सही नाई करत. नो म्हने, नो!”

“आता ऐक,” तो खुर्चीवर बसला. “इथं ‘आनो’ म्हनजे हो. बरोबर?”

“हव ना.”

पनी व्लास्तांनी डोळे घट्ट मिटले. अर्शदनं घाईघाईनं हात वर केला. “थांब, थांब, ते म्हनू नको! तं ‘आनो’चं घाईघाईत हे लोक ‘नो’ करतात. नो म्हनजे हो. ते बाई तुले हो म्हनली, तीनदा हो म्हनली. इंग्रजीतलं नाई ते.”

माझ्या डोक्यात सप्टेंबरपासूनचे सगळे ‘नो’ उलटे व्हायला लागले. माझ्या खोलीत येता का? हो, हो, हो.

“अन तू हव ना म्हनली,” अर्शदचा आवाज थरथरायला लागला, “त्यायच्या कानाले ते ‘होव्नो’ ऐकू येते. होव्नो म्हनजे…” तो अडला. “कसं सांगू. सकाळी उठल्यावर आपन जिथं जातो ना, तिथं जे करतो, ते. अन कोनी काई इचारलं अन हे उत्तर देलं, तं मंग त्याच्याहून घान नकार नाई. यायनं तुले इचारलं, पोरी, माह्या घरी राहतं का? तू म्हनली…”

त्याला पुढे बोलवेना. तो टेबलावर डोकं ठेवून हसत सुटला. मला हसू येत नव्हतं. मला रोजच्या संध्याकाळी आठवत होत्या. जेवली का? स्वेटर घातला का? चार महिने ती बाई सूप करून वाढत होती आणि मी तिच्या स्वयंपाकघराशेजारी बसून आईला मोठमोठ्यानं तेच सांगत होते, दिवसाला चाळीस वेळा.

अर्शदनं त्यांना समजावलं. पनी व्लास्ता ऐकत राहिल्या. मग एकदम तोंडावर एप्रन धरून त्यांनी जी हसायला सुरुवात केली, ती थांबेना. हसता हसता त्या एकेक गोष्ट सांगत होत्या आणि अर्शद मला वऱ्हाडीत सांगत होता. खिडकी रोज उघडायची, कारण हवा खेळली नाही तर भिंतींना ओल धरते. लोणच्याची बरणी खाली स्क्लेपमध्ये (तळघरात) होती, कारण बरण्यांची जागा तीच. कपाटात त्यांनी माझ्या कपड्यांत कसर लागू नये म्हणून लेव्हांडुलेच्या (लॅव्हेंडरच्या) वाळक्या फुलांच्या पुरचुंड्या ठेवल्या होत्या. त्या मला कधी दिसल्याच नव्हत्या, कारण मी गाठ बघत होते, कपडे नाही. आणि ते सूत? ते त्यांना माझ्या देवाधर्माचं काही वाटलं होतं. तुटलं तर पोरीला अपशकुन होईल म्हणून त्यांनी ते नीट परत बांधलं. गावातल्या आता बंद पडलेल्या एका गिरणीत त्या आयुष्यभर विणकर होत्या. त्यांना तीच गाठ येत होती.

मग त्यांनी खण उघडला आणि कागद माझ्यापुढे ठेवला. सही होती. शिक्का होता. शिक्क्यावरची तारीख आमच्या भांडणाच्या दुसऱ्या दिवसाची होती.

माझ्या तोंडून तो शब्द ऐकल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, गुडघाभर बर्फातून ही बाई उतार उतरून पोस्टात गेली होती. आणि मी तेव्हा वर खोलीत उशीच्या अभ्र्यातला पासपोर्ट चाचपून बघत होते. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी त्यांच्या गळ्यात पडले आणि रडले. त्या पाठीवर थोपटत “नो, नो, नो” म्हणत राहिल्या.

उरलेले महिने भुर्रकन गेले. बर्फ वितळलं, बागेत सफरचंदाला फुलं आली. पनी व्लास्तांनी मला विणकरांची गाठ शिकवली. माझ्या हाताला ती जमायला तीन आठवडे लागले. मी त्यांना बेसन करून दिलं (आमच्याकडे पिठल्याला बेसन म्हणतात), ते त्यांनी उकडलेल्या क्नेडलीकबरोबर खाल्लं. क्नेडलीक म्हणजे फुगलेल्या, मऊ पावाच्या चकत्या. आई त्याला ‘ढोकळ्याचा परदेशी भाऊ’ म्हणते. आईशी बोलताना मी कटाक्षानं ‘हो’ म्हणायला लागले. आई चिडली, “पुन्याची होऊन राहिली का तू?”

निघायच्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉलवर आईनं पनी व्लास्तांना बघायचंच असा हट्ट धरला. मी फोन त्यांच्यापुढे धरला. आईला भाषेची अडचण कधीच वाटली नाही, तिनं सरळ वऱ्हाडीत विचारलं, “बाई, माह्या पोरीची आठवन येईन का तुमाले?”

मी मोडक्या चेकमध्ये सांगितलं. पनी व्लास्ता उभ्या राहिल्या. एप्रन नीट केला. त्या दर रविवारी चर्चला जाणाऱ्या बाई. त्यांच्या तोंडून वावगा शब्द मी दहा महिन्यांत ऐकला नव्हता. त्यांचे कान लाल झाले. फोनकडे बघत, एकेक अक्षर तोडून, त्या म्हणाल्या, “हव. ना.”

आईला त्यात विशेष काही वाटलं नाही. ती म्हणाली, “बघा, किती साफ बोलते बाई.”

मुंबईहून गाडीत बसले तेव्हा माझ्या पिशवीत अर्शदनं त्याच्या अम्मीसाठी दिलेली शाल होती. कुणाची पिशवी घेऊ नको हा बाबांचा नियम मोडला होता. अकोल्याला गाडी दोन मिनिटं थांबते. काळा बुरखा घेतलेली एक बाई धावत डब्यापाशी आली. “शीतल तूच का, बेटा? मी अर्शदची अम्मी.” एरवी मी फोटो मागितला असता, निदान मुलाचं पूर्ण नाव तरी विचारलं असतं. मी शाल दिली. त्यांनी खिडकीतून कचोरीचा पुडा आत ढकलला आणि गाडी हलली. कचोरी चांगली होती. हे मी अमरावतीत कुठेही बोलणार नाही.

अकोला ते बडनेरा मी खिडकीशी बसून होते. जूनमधली नांगरलेली काळी जमीन दोन्ही बाजूंना होती. बाबांनी मला जे शिकवलं ते खोटं नव्हतं. माल जातोच, मी स्वतः तो त्यांच्या स्टोअरमधून जाताना पाहिलाय. पण गाठ उघडली होती एवढंच त्यांच्या युक्तीनं मला कळलं. कुणी उघडली, कशाला उघडली, आत काय ठेवलं, हे त्या सुतात कुठेच नव्हतं. ते विचारावं लागतं आणि उत्तर कुठल्या भाषेत आलं तेही बघावं लागतं. बाबांना हे सांगायचं मी ठरवलं आणि गाडी बडनेऱ्यात शिरली.

बाबा फलाटावर होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, डोक्यावर हात ठेवला, मग लगेच वाकून सुटकेसची चेन बघितली. पांढऱ्या सुताची लहान, चपटी गाठ. निघताना पनी व्लास्तांनी मारलेली.

“हे माही गाठ नाई,” बाबा म्हणाले.

“नाई.”

त्यांनी बोट फिरवून पाहिलं. स्टोअरमधल्या माणसाला चांगली गाठ कळते. मग आवाज खाली आणून विचारलं, “त्या बाईनं आपलं काई ठेवून तं नाई घेतलं ना तिथं?”

“नो,” मी म्हणाले.

बाबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बॅग उचलली आणि रिक्षाकडे चालू लागले.